कादरभाई सहज फिरायला निघतात

शनिवारी सकाळी कामशेतच्या बाजारपेठेत कादरभाईंनी दुकानापुढं सायकल उभी केली, कॅरियरला वळकटी बांधली, हँडलला पिशवी अडकवली आणि खिशातला फोन काढून सगळ्यांदेखत बंद केला. हा शेवटचा उद्योग त्यांनी केला नसता तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण माणसाला एकदा शांतता हवीशी झाली की त्याच्या हातून काय होईल ते सांगता येत नाही.

कादरभाईंचं तांदळाचं दुकान. मावळातला निम्मा भात आपल्या हाताखालून जातो असं ते स्वतः सांगतात. आपण पाव धरू. उभा जन्म इंद्रायणीच्या काठानं भात गोळा करण्यात गेला, पण नदी पाहिली ती टेम्पोच्या खिडकीतून, तीसुद्धा ड्रायव्हरच्या खांद्यापलीकडं, अर्धीमुर्धी. थांबून बघावं म्हटलं तर मागं पोती आणि पुढं गिऱ्हाईक. म्हणून त्यांनी मनाशी घेतलं होतं, एकदा तरी कामशेतहून इंदुरीपर्यंत नदीकाठानं सायकलवर जायचं. सावकाश. वाटेल तिथं थांबायचं, वाटेल तेवढं बसायचं, आणि कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. इंदुरीला जुना दोस्त हनुमंत राहतो, त्याच्याकडं मुक्काम करायचा आणि रविवारी परत. सोमवारपासून नवा भात यायला लागणार. मग शिमग्यापर्यंत मान वर करायला सवड नाही. म्हणजे जे काय करायचं ते या दोन दिवसांत.

"अब्बा, टेम्पो न्या की," गल्ल्यावरून तन्वीर म्हणाला. तन्वीर म्हणजे थोरला.

"टेम्पोतच आयुष्य गेलं बाळा."

"सोबत कोण आहे?" मेहमुदाभाभींनी पायरीवरून विचारलं.

"कुणी नाही. एकटाच. तीच तर मजा आहे."

"बरं," भाभी म्हणाल्या, आणि आत जाऊन डबा घेऊन आल्या.

हे 'बरं' कादरभाईंनी नीट ऐकलं नाही. दाण्याला दात लावून भात कधीचा ते सांगणारा माणूस, पण बायकोच्या आवाजाच्या बाबतीत पहिल्यापासून कच्चा. घंटी वाजवत स्वारी निघाली.

नायगावच्या पुढं त्यांनी डांबरी रस्ता सोडला आणि नदीकडच्या पायवाटेला लागले. दिवाळी होऊन गेलेली, पाणी निवळलेलं, पलीकडच्या खाचरांत भाताची कापणी चाललेली. एका उंबराखाली सायकल लावून कादरभाई बसले. समोर एक बगळा एका पायावर उभा होता. त्यालाही काही काम नव्हतं आणि यांनाही नव्हतं. कादरभाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी चपलासुद्धा काढून ठेवल्या.

"गाडी बिघडली व्हय, भाऊ?"

मागं नायगावच्या, ओळखीच्या भामाबाई उभ्या होत्या, डोक्यावर गवताचा भारा घेऊन.

"नाही, मावशी. सायकलवरच आलोय."

"आन् टेम्पो?"

"घरी आहे."

"इकला न्हाई ना?"

"अहो नाही! सहज फिरायला निघालोय."

भामाबाईंनी भारा खाली टाकला. आता हे बघा, आमच्या मावळात सहज कुणी फिरत नाही. माणूस बाजाराला जातो, दवाखान्यात जातो, लेकीकडं जातो. लोणावळ्याला सहज येणारी असतात, ती मुंबई-पुण्याची. मोटारीनं येतात आणि चिक्की घेऊन जातात. पण ज्याच्या दारात टेम्पो आहे, स्कूटर आहे, तो माणूस वळकटी बांधून सायकलवर कशाला निघेल? याला एकच कारण असतं आणि ते शेंबड्या पोरालाही कळतं. घरात वाजलंय, आणि मालक रुसून बाहेर पडलेत.

"भाभी बऱ्या हायत ना?" भामाबाईंनी आवाज एकदम मऊ केला.

"बऱ्या आहेत की. तिनंच डबा दिला."

"डबा दिला ना? मग लय न्हाई ताणलेलं."

"काय ताणलेलं?"

"काय न्हाई. फोन करा त्यास्नी. फोन केल्यानं कुणी ल्हान हुत न्हाई."

"फोन बंद ठेवलाय, मावशी. म्हटलं दोन दिवस एकट्यानं शांत बसावं नदीकाठी."

झालं! भामाबाईंनी भारा उचलला आणि लगबगीनं बांधापलीकडं गेल्या. त्यांच्याकडंही फोन होता, आणि त्यांचा चालू होता.

साते गावाच्या अलीकडं रखमाजी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे होते. कादरभाईंना भात घालणारे हे जुने शेतकरी. वासरू सुटल्यावर जसं अडवतात तसं त्यांनी सायकलीला अडवलं.

"उतरा."

"रखमाजी, आज काम नाही. येताना बघू."

"काम कोन म्हंतंय? उतरा आदी. चा घ्या."

ओसरीवर बसवून चहा आला, चहामागं पोहे आले, पोह्यांमागं लीलाबाई आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. रखमाजींनी घसा साफ केला. आमच्याकडं रुसलेल्या माणसाला 'का रुसलास' असं तोंडावर विचारायची रीत नाही. आधी त्याला खाऊ घालायचं, मग दुसऱ्याची गोष्ट सांगायची.

"मी बी एकदा गेलतो घर सोडून," रखमाजी छताकडं बघत म्हणाले. "गोठ्यात निजलो. बैलानं रातभर धोतार चाटलं. सकाळी म्हनलं, हितल्यापरीस आत बरं."

"बैलाला ह्यांच्यापरीस अक्कल हुती," लीलाबाई म्हणाल्या.

कादरभाई खो-खो हसले. मग दोघं हसत नाहीयेत हे बघून थांबले. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं.

"अरे देवा! रखमाजी, माझं भांडण नाही झालेलं. शपथ! सहज फिरायला चाललोय."

"व्हय व्हय," रखमाजी समजुतीनं म्हणाले. "मानूस असंच म्हंतो."

"खरंच सांगतो!"

"ऱ्हाऊ द्या. आमी कुटं काय इचारलं?"

माणूस भांडला असेल तर भांडलो म्हणून सिद्ध करता येतं. नाही भांडला, हे कसं सिद्ध करणार? कादरभाईंनी पोहे संपवले आणि सायकल काढली. ते वळणावर जाईपर्यंत लीलाबाईंनी पुढच्या गावच्या चुलतबहिणीला फोन लावलेला होता.

पुढं रस्त्यात वळण आलं की माणूस आणि माणूस आला की चहा. कुणी म्हणे संसारात भांड्याला भांडं लागायचंच, कुणी म्हणे वहिनींची तब्येत कशी आहे, एकानं तर नुसतं खांद्यावर थोपटलं आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी हँडलला अडकवली. नाणोलीच्या शिवारात कादरभाईंनी शहाणपणा करून रस्ता सोडला आणि बांधाबांधानं खाली पार नदीच्या काठावर जाऊन बसले. इथं कुणी येणार नाही. त्यांनी चपला काढल्या, सुस्कारा सोडला आणि पाण्याकडं बघायला लागले.

शेजारी येऊन सीताराम आबा बसले. वय झालेलं, गुडघे दुखतात, तरी तेवढा उतार उतरून आले.

"पानी लय खोल हाय हितं," आबा म्हणाले.

"असेल."

"वरनं दिसत न्हाई. पन हाय."

"मला पोहायला येतं, आबा."

आबांनी यांच्याकडं असं काही बघितलं की कादरभाईंच्या अंगावर काटा आला. एकटा माणूस, घरातून निघालेला, फोन बंद, चपला काढून नदीच्या कडेला टक लावून बसलेला. बाहेरून हे कसं दिसतं ते त्यांना आत्ता कळलं.

"अहो आबा! तसलं काही नाही! मला फक्त नदी बघायची आहे!"

"बघा की. आपुन दोघं बघू," आबा म्हणाले, आणि त्यांनी कादरभाईंच्या सदऱ्याचं टोक हळूच मुठीत धरलं.

तिथून पुढं कादरभाईंना एकट्यानं सोडायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते माहीत नाही, पण ठरलं. नाणोलीपासून एक मोटरसायकल त्यांच्या मागं, सायकलच्या चालीनं, फट्फट् करत. पुढच्या गावाच्या वेशीवर ती परतली आणि दुसरी लागली. कादरभाई थांबले की ती थांबे. ते झाडामागं गेले तरी तिचा मालक शीळ घालत तिष्ठत राही. आयुष्यात पहिल्यांदा एकटे निघालेले कादरभाई वरातीसारखे इंदुरीकडं चालले होते. रागवावं तर कुणावर? सगळे प्रेमानंच छळत होते.

आणि इकडं कामशेतात काय चाललं होतं? भामाबाईंचा फोन आला तेव्हा मेहमुदाभाभी पोट धरून हसल्या. लीलाबाईंचा आला तेव्हा थोड्या हसल्या. मग यांना सांगावं म्हणून सवयीनं नवऱ्याला फोन लावला, तर तो बंदच. तेवढ्यात शेजारच्या शालूबाई भाजीची वाटी झाकून घेऊन आल्या.

"आज तुम्हाला चूल पेटवायचं मन होणार नाही, म्हटलं."

"का बरं?"

"असू दे, असू दे," असं म्हणून शालूबाई जमिनीवर बसल्या. त्यांच्यामागं आणखी दोघीचौघी येऊन भिंतीला टेकल्या. मग शालूबाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही बोललात तरी काय त्यांना?"

"काही नाही. मी नुसतं 'बरं' म्हणाले."

शालूबाईंनी बाकीच्यांकडं बघून मान हलवली. "बघा," त्या म्हणाल्या.

बायका गेल्यावर भाभी पाटावर बसून राहिल्या. आपण नुसतं 'बरं' का म्हणालो? एरवी आपण नुसतं 'बरं' म्हणणाऱ्यातल्या नाही. विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की सकाळी आपल्याला वाईट वाटलं होतं. कामाच्या घाईत ते कळलंच नव्हतं. ते कळलं, आणि पाठोपाठ असा राग आला की त्यांनी शालूबाईंची भाजी तशीच ठेवली आणि दुकानात येऊन तन्वीरला म्हणाल्या, "टेम्पो काढ."

दिवस कलताना इंदुरीत, गढीच्या खालच्या अंगाला हनुमंताच्या ओट्यावर बैठक भरली होती. मध्ये कादरभाई, हातात कितवातरी चहा. एका बाजूला सीताराम आबा, अजून सदऱ्यावर नजर ठेवून. रखमाजी आणि लीलाबाई मोटरसायकलवर मागोमाग आलेच होते.

"कादऱ्या, तू घरी जा," हनुमंत म्हणाला. "मी येतो संगं. वयनीच्या पाया पडतो पायजे तर."

"अरे भांडण झालेलंच नाही! कितीदा सांगू? ती इथं असती तर तिनंच सांगितलं असतं!"

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला आणि मेहमुदाभाभी खाली उतरल्या. ओट्यावरची माणसं सरसावून बसली. कादरभाईंना मात्र हायसं वाटलं. ते उठून पुढं गेले.

"आलीस? बरं झालं! सांग यांना एकदाचं. आपलं भांडण झालंय का?"

"सकाळी नव्हतं झालं," भाभी म्हणाल्या. "आता झालंय."

"म्या म्हनलं न्हवतं?" रखमाजी लीलाबाईंच्या कानाशी म्हणाले.

"अगं, पण मी केलं काय?"

"काय केलंत? लग्न होऊन आले तेव्हापासून या रस्त्यानं मी तुमच्या टेम्पोत मागं, पोत्यांवर बसून जातेय. मला तर नदी अर्धीसुद्धा दिसत नाही, ताडपत्री दिसते. तुम्हाला शांत बसावंसं वाटलं. मला वाटत नसेल? एका शब्दानं विचारलंत? डबा तेवढा माझ्या हातचा पाहिजे, आणि मी नको!" बोलता बोलता भाभींचा आवाज भरून आला, आणि तो भरून आल्याचाही त्यांना राग आला.

कादरभाईंना खरंच सुचलं नव्हतं. बायकोला नदी बघायची असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं, आणि हे न सुचणं भांडणापेक्षा वाईट होतं, एवढं त्यांना तिथल्या तिथं कळलं.

"तू सायकलवर आली असतीस?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"विचारायचं तर होतं."

"चुकलो," कादरभाई म्हणाले. सगळ्यांदेखत म्हणाले. लीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"मिटलं!" हनुमंतानं मांडीवर थाप मारली. "तन्वीर, उचल ती सायकल अन् टाक टेम्पोत. दोघांस्नी घरी ने."

"सायकल कशाला?" भाभी म्हणाल्या. "वळकटी टाका टेम्पोत. कॅरियर रिकामं करा. उद्याचा दिवस आहे ना अजून?"

रविवारी सकाळी हनुमंताच्या बायकोनं कॅरियरवर गोधडीची घडी घालून दिली, भाभी एका अंगानं बसल्या, आणि सायकल कामशेतकडं निघाली. पहिल्यांदा लटपटली, मग सरळ चालली. चढ आला की दोघं उतरून चालत. भाभींनी नदीकडून नजर काढली नाही. "इतकी वळणं आहेत होय हिला," त्या म्हणाल्या, आणि कादरभाईंना उगाचच ती वळणं आपणच घातल्यासारखा अभिमान वाटला.

पण पहिल्याच वस्तीवर पिठाच्या गिरणीतून आदिनाथ पांढराफटक होऊन बाहेर धावला. "भाभी! मिटलं म्हनं! या, या, चा घेतल्याबिगार सोडायचा न्हाई! समद्यांस्नी हाका मारतो!"

कादरभाईंचा चेहरा पडला. आता परत तेच, वळणावळणाला, कामशेत येईपर्यंत. मागून भाभींनी त्यांच्या बरगडीत बोट खुपसलं, पदर ओढून तोंडाला लावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "नका थांबवू, भाऊ. मयतीला चाललोय."

आदिनाथचे हात खाली आले. तो गुमान रस्त्याच्या कडेला झाला. मयतीला निघालेल्या माणसाला आमच्याकडं अडवत नाहीत, चहाचं तर नावच काढत नाहीत. कोण गेलं हेसुद्धा तोंडावर विचारत नाहीत.

"अगं, कुणाची मयत?" पुढं गेल्यावर कादरभाईंनी घाबरून विचारलं.

"तुम्ही पायडल मारा."

पुढच्या गावीही तेच, त्याच्या पुढच्या गावीही तेच. मग तर सांगायचीही गरज उरली नाही. लोक लांबूनच हात जोडत आणि बाजूला होत. नाणोलीच्या खाली, कालच्याच जागेवर, दोघं बसले आणि त्यांना कुणी हटकलं नाही. भाभींनी पाण्यात पाय सोडले. भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, टरफलं पाण्यात सोडून कुणाचं आधी वळणापर्यंत जातं ते बघितलं, आणि भाभींचं टरफल सारखं पुढं गेलं. फार काही बोलले नाहीत. कादरभाईंना जशी शांतता पाहिजे होती तशीच ही होती, आणि एकट्यानं बसून ती इतकी छान लागली नसती हे त्यांनी मोकळेपणानं बायकोला सांगितलं. भाभी म्हणाल्या, "बरं." हे 'बरं' त्यांनी नीट ऐकलं.

उन्हं उतरताना सायकल कामशेतच्या पेठेत शिरली, आणि कादरभाईंनी करकचून ब्रेक दाबला.

दुकानापुढं गर्दी होती. रस्ता भरून माणसं, सगळी मुकी. मयत म्हटल्यावर आमची माणसं कोण गेलं म्हणून फोनवर विचारत बसत नाहीत. हातातलं काम टाकून निघतात. सायकलचं तोंड कामशेतकडं होतं, म्हणजे यांच्याच घरचं कुणीतरी, एवढं पुरे होतं. हे दोघं बांधावरून रमतगमत येत होते, तोवर अख्खा नदीकाठ हमरस्त्यानं येऊन पोचला होता. भामाबाई होत्या, डोक्याला रुमाल बांधून हनुमंत होता, सीताराम आबांना कुणीतरी जीपमधून आणलं होतं. कालच्या धसक्यानं तन्वीरनं फोन बंद ठेवला होता. तो पायरीवर उभा होता, काय झालंय ते त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि येणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

सायकल बघून गर्दीनं वाट दिली. कादरभाईंना वाटलं, आत्ता धरणी पोटात घेईल तर बरं. रखमाजी पुढं आले. कापणी अर्धी टाकून आलेले, टोपी काढून हातात धरलेली.

"भाभी," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "गेलं कोन?"

मेहमुदाभाभी कॅरियरवरून उतरल्या. पदर सारखा केला. एवढी माणसं आपल्यासाठी धावत आली हे बघून त्यांना खरंच भरून आलं, आणि खोटं बोलवेना.

"यांचा हट्ट गेला, भाऊ," त्या म्हणाल्या. "एकट्यानं फिरायचा."

मागं कुणीतरी खोकलं. रखमाजींनी एकदा भाभींकडं बघितलं, एकदा कादरभाईंकडं, एकदा हातातल्या टोपीकडं. मग त्यांनी मान हलवली आणि मोठा सुस्कारा सोडला.

"अरारा," ते म्हणाले. "काल तर आमच्या ओसरीवर बसला हुता. चांगला धडधाकट हुता की वो!"